मौना केआचा सूर्यास्त: छोट्या ग्रुपची टूर की भाड्याची जीप? सोबत आई आणि नातू

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. डिसेंबरात मुलीकडे कॅलिफोर्नियाला जायलोय. तिथून सगळे मिळून हवाईला, बिग आयलंडवर, आठवडाभर जायचं ठरायलंय. जावईबापूंनी तिथला मौना केआ डोंगर, म्हणजे जुना शांत ज्वालामुखी, डोक्यात घेतलाय. शिखरावरून सूर्यास्त बघायचा, मग थोडं खाली येऊन दुर्बिणीतून तारे बघायचे. दहा-बारा जणांच्या ग्रुपच्या टूर आहेत, फोर बाय फोर व्हॅन, वर घालायला जाड कोट आणि जेवण त्यांचंच. माणशी अडीचशे-तीनशे डॉलरच्या घरात पडतं. आम्ही सहा जण. हिशेब ऐकून आमच्या मंडळींनी विषयच बदलला.

जावई म्हणायलेत, टूर कशाला, जीप भाड्यानं घेऊ, मी चालवतो. इकडं असताना थार घेऊन सगळे घाट पालथे घातलेत, त्यामुळं आत्मविश्वास लई आहे. आई ७६ वर्षांची, बीपीची गोळी चालू, पण केदारनाथला खेचरावरून जाऊन आलीय आणि तिथं तिला काहीच झालं नाही. नातू नऊ वर्षांचा. मला गुडघे सोडले तर काही नाही.

टूर घ्यावी की जीप? आईला नेता येईल का? शाकाहारी जेवणाचं काय? आणि एवढं सगळं करून बघण्यासारखं खरंच आहे का तिथं?

खुलताबादी
म्हैसमाळला या. गाडी थेट वर येते, सूर्यास्त फुकट आणि गरम भजी वेगळी.

मांजराकाठ
भैय्या, म्हैसमाळ आमचं दरसाल होतंच की.

बे_एरियातला_बीडकर
जाऊन आलोय, टूरनेच. आधी जीपचं बोलतो.

डोंगराच्या वाटेवरचं व्हिजिटर सेंटर २,८०० मीटरवर आहे. तिथपर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे, कुठलीही गाडी जाते. त्यापुढं शिखरापर्यंत साधारण १३ किलोमीटर. त्यातला खालचा सात-साडेसात किलोमीटरचा टप्पा नुसता खडीचा आणि वरचा पुन्हा डांबरी. वरचा डांबरी केलाय तो आपल्या सोयीसाठी नाही. शिखरावरच्या वेधशाळांच्या दुर्बिणींच्या आरशांवर धूळ बसू नये म्हणून. चढ काही ठिकाणी पंधरा टक्क्यांच्या घरात. रेंजर लोक गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे की नाही ते बघतात, नसेल तर परत पाठवतात.

थार चालवणारा माणूस गाडी वर चढवेल, त्यात शंका नाही. खरी परीक्षा उतरताना आहे. सूर्यास्तानंतर सगळ्या गाड्या एकदम निघतात, अंधार असतो, खडी निसटते, आणि लो गिअर न लावता नुसत्या ब्रेकवर उतरलात की ब्रेक तापून धरेनासे होतात. त्यात चालवणाऱ्याला स्वतःलाच हवा कमी पडत असते. डोकं जड, झापड आलेली. तुमच्या जावयांना सूर्यास्त बघायचाय की स्टिअरिंग सांभाळायचंय, ते त्यांनाच विचारा.

दुसरं, भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचायला सांगा. बहुतेक मोठ्या भाडे कंपन्या व्हिजिटर सेंटरच्या वरचा रस्ता करारातच वर्ज्य करतात. जीप दिली म्हणजे तिथं न्यायला परवानगी दिली असं नाही. वर काही झालं तर विमा लागू नाही, आणि त्या डोंगरावरून गाडी ओढून आणायचं बिल तुमच्या सहा जणांच्या टूरपेक्षा मोठं होईल. पेट्रोल पंपही डोंगरावर कुठंच नाही.

टूरच्या जाहिरातीत ‘ऑफ-रोड’ असं मोठ्या अक्षरात लिहितात, ते फार मनावर घेऊ नका. रस्ता सोडून गाडी घालायला तिथं सक्त मनाई आहे. कच्च्या घाटातला प्रवास एवढाच त्याचा अर्थ.

डॉ_परळीकर
मांजराकाठ, केदारनाथचा दाखला इथं चालणार नाही. केदारनाथ ३,५८३ मीटरवर, मौना केआ ४,२०७ मीटरवर. सव्वासहाशे मीटरचा हा फरक आहेच, पण त्याहून मोठा फरक वेगाचा आहे. केदारनाथला जाताना माणूस वाटेत डोंगरातच मुक्काम करतो, मग खेचरावरून अर्धा दिवस हळूहळू चढतो. शरीराला थोडा वेळ मिळतो. हवाईत दुपारी तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर असता आणि त्याच संध्याकाळी ४,२०७ मीटरवर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के, म्हणजे दर श्वासाला प्राणवायूही तेवढाच. लेहला विमानानं उतरलेल्या माणसाला आपण एक-दोन दिवस झोपवून ठेवतो, आणि लेह याच्यापेक्षा सातशे मीटर खाली आहे. आपण मराठवाड्यातली माणसं साडेतीनशे ते साडेसहाशे मीटरवर राहणारी, आपल्याला उंचीची काही सवय नाही.

म्हणून व्हिजिटर सेंटरला किमान अर्धा तास थांबतात. तो थांबा चहापाण्याचा समजून उरकू नका. भरपूर पाणी प्या, हळू चाला. वर गेल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, तोल जायला लागला की फोटो वगैरे सोडून खाली यायचं. खाली उतरणं हाच इलाज आहे. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, तिच्याबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

आईंबद्दल: मी त्यांना तपासलेलं नाही. पण ७६ वय, बीपी आणि दोन तासांत एवढी चढाई. माझी आई असती तर मी शिखरावर नेलं नसतं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी वर जाऊ नये अशी तिथली सूचनाच आहे. लहान मुलांचंही तसंच. टूरवाले १३ किंवा १६ वर्षांची अट घालतात, त्यामुळं नऊ वर्षांच्या नातवाला ते घेणारच नाहीत.

आणि एक, हसू नका. दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो. त्या दिवशी हरभरा, राजमा, कोल्ड्रिंक टाळा. बंद व्हॅनमध्ये बारा माणसं असतात.

खुलताबादी
डॉक्टर, म्हणजे माझी भजी पण गेली.

गोदाकाठची (नांदेड)
दादा, आमच्यासोबतही लहान मुलं आणि सासूबाई होत्या. आम्ही घर दोन भागांत वाटलं. निम्मे टूरनं शिखरावर, निम्मे साध्या गाडीनं व्हिजिटर सेंटरला. तिथं स्वच्छतागृह आहे, छोटं दुकान आहे. समोरच्या टेकाडावर चढून लोक तिथूनच सूर्यास्त बघतात. टेकाड लहान आहे, पण २,८०० मीटरवर तेवढ्यानंही धाप लागते, त्यामुळं सासूबाई गाडीपाशीच थांबल्या. त्यांना खाली पसरलेले ढग दिसले, तेवढ्यावरच त्या खूश. २,८०० मीटर म्हणजे कळसूबाईपेक्षा साधारण साडेअकराशे मीटर जास्त, ते काही कमी नाही. पार्किंगला जागा थोडी आहे आणि सूर्यास्ताच्या वेळी भरते, लवकर जा. तुमच्या आईंना मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, मगच तिथपर्यंत तरी न्या.

तारे बघायला शिखर लागतच नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात वरचा रस्ता पर्यटकांसाठी बंद होतो, सगळ्यांना खाली पाठवतात. टूरवाल्यांच्या दुर्बिणीही खालीच लागतात. म्हणजे नातवाचं शिखर हुकेल, आकाश हुकणार नाही.

जेवणाचं बुकिंग करतानाच लिहून द्या. ‘व्हेजिटेरियन’ एवढं लिहून भागत नाही, मासे-अंडी नको हेही लिहा. आम्ही सोबत दशम्या आणि शेंगाचटणी नेली होती, व्हॅनमधल्या जपानी आजींनीही खाल्ली.

कपडे: ते कोट देतात, पण पाय आणि कान तुमचे तुम्हीच झाकायचे. थर्मल, लोकरी मोजे, कानटोपी, हातमोजे. डिसेंबरात सूर्य बुडाला की पारा शून्याच्या आसपास आणि वर वारा. आम्ही हवाई म्हणून सगळी बॅग सुती कपड्यांनी भरली होती.

औंढेकर_मास्तर (हिंगोली)
‘बघण्यासारखं आहे का’ याचं उत्तर कुणी दिलं नाही, म्हणून लिहितो.

नकाशा काढून बघा. मौना केआचा अक्षांश १९.८ अंश उत्तर. छत्रपती संभाजीनगरचा १९.९. म्हणजे अर्ध्या जगापलीकडं जाऊन तुम्ही आपल्याच आडव्या रेषेवर उभे राहणार. ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर, वीस अंशांवर. संधिप्रकाशही आपल्यासारखाच, पटकन संपणारा. अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या शहरांसारखा रेंगाळत नाही. डिसेंबरात अंधार पडताना पूर्वेकडं कृत्तिका-रोहिणी वर आलेल्या आणि मृग उगवत असलेला दिसेल. आईंना सांगा, नक्षत्रं ओळखीचीच आहेत.

फरक आहे तो हवेचा. हवाईत व्यापारी वारे वाहतात, आणि साधारण दोन हजार मीटरवर गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो. समुद्रावरची वाफ आणि ढग त्याच्या खालीच अडकतात. हिलो गावात धो धो पाऊस असतो आणि शिखरावर कोरडं, स्वच्छ आकाश. म्हणून तर तिथं केक नावाच्या वेधशाळेच्या दहा-दहा मीटरच्या दोन दुर्बिणी आहेत. एकेकीचा आरसा ३६ षट्कोनी तुकड्यांचा. पहिली १९९३ मध्ये सुरू झाली, दुसरी १९९६ मध्ये. आमच्या औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार म्हटल्यापासून पोरं अशा जागांबद्दल फार विचारतात, म्हणून हे पाठ आहे.

सूर्यास्त बघताना सगळे पश्चिमेकडं तोंड करून उभे राहतात. पाच मिनिटं पाठ फिरवा. पूर्वेला ढगांवर डोंगराची सावली पडते, अगदी टोकदार त्रिकोण, आणि सूर्य खाली जाईल तशी ती लांबत जाते. मला वाटतं पैसे त्याचे आहेत. दक्षिणेला मौना लोआ ज्वालामुखी दिसेल, ४,१६९ मीटरचा; २०२२ च्या शेवटी त्याचा उद्रेक झाला होता. मौना केआ मात्र साडेचार हजार वर्षं शांत आहे.

पायाखालचा दगडही परका नाही. बेसाल्टच, आपल्या वेरूळच्या लेण्यांचा. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला अगदी कालचा. म्हणून तिथं सगळं तांबडं, राखेचं, सुट्या खड्यांचं. आपल्यासारखी काळी माती व्हायला अजून खूप अवकाश आहे.

तारीख ठरवताना अमावास्या बघा. पौर्णिमेला सूर्यास्त छान, पण तारे धुऊन निघतात. हवाईचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागं आहे, तेवढं धरून कॅलेंडर वाचा.

बे_एरियातला_बीडकर
मास्तरांच्या दुर्बिणींना एक पुरवणी. हवाईच्या मूळ लोकांसाठी तो डोंगर देवाचा आहे. बर्फाची देवी पोलिआहू तिथं राहते असं ते मानतात. तिथं उभारायच्या ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’ या मोठ्या दुर्बिणीला त्यांनी केलेला विरोध बातम्यांत आला होता, २०१९ मध्ये रस्ता अडवून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही अटक झाली. त्या दुर्बिणीत भारतही भागीदार आहे, त्यामुळं व्हॅनमध्ये आपण कुठले हे कळल्यावर विषय निघू शकतो. वाद घालत बसू नका, ऐकून घ्या. गाड्या थांबतात तिथून पुढं खरं टोक एका लहान टेकाडावर आहे. तिथं चढू नका अशी विनंती असते. टूरवालेही नेत नाहीत. दगड उचलून आणायचा नाही.

वाटसरू_धाराशिव
डिसेंबर म्हणजे बर्फ पडला तर? रस्ता बंद झाला की पैसे परत मिळतात का?

गोदाकाठची (नांदेड)
बर्फात आणि जोराच्या वाऱ्यात रेंजर रस्ता बंद करतात, कधी अगदी दुपारी. मग काही टूरवाले पैसे परत देतात, काही दुसरा दिवस देतात, काही खालच्याच एखाद्या जागी नेऊन तारे दाखवतात आणि टूर झाली म्हणतात. बुक करायच्या आधी हे मेलवर लेखी विचारून घ्या. आणि टूर मुक्कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवा, म्हणजे हुकली तर पुढं ढकलता येते.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार. रात्री फोनवर घरात चर्चा झाली. मुलगी, जावई आणि मी टूरनं वर जाणार. आमच्या मंडळी आणि नातू व्हिजिटर सेंटरला. मुलीच्या शेजारच्या गावात राहणारी जावयांची बहीण सोबत येणार आहे, गाडी तीच चालवेल. आईनं डॉक्टरांकडं जायच्या आधीच जाहीर केलंय की ती समुद्रावर बसणार, डोंगर तिनं पुष्कळ बघितलेत. तिच्याजवळ विहीणबाई थांबतील, त्याही आता सोबत येणार आहेत. तिघांचेच पैसे भरायचे म्हटल्यावर आमच्या मंडळींचाही विषय परत सुरू झाला.

जावयांनी जीप सोडली, पण बदल्यात बेटावरच्या कोना किनाऱ्याला रात्रीचं स्कूबा डायव्हिंग मागून घेतलंय, मांटा रे हे मोठे चपटे मासे बघायला. टूरच्या आदल्या संध्याकाळचं मिळतंय. चालेल ना?

डॉ_परळीकर
नाही. स्कूबानंतर २४ तास डोंगरावर जायचं नाही, रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. आदल्या संध्याकाळी डायव्हिंग केलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॅन निघेल तेव्हा २४ तास झालेलेही नसतील. क्रम उलटा करा, आधी डोंगर, मग पाणी. नुसतं वरवर तरंगत स्नॉर्कलिंग करणार असतील तर कधीही चालेल, आणि मांटा त्यातही दिसतात.

मांजराकाठ
झालं. डायव्हिंग शेवटच्या आधीच्या दिवशी.

बे_एरियातला_बीडकर
त्याच्यानंतर विमान आहे ना? विमानाच्या आधीही तेवढंच अंतर ठेवा. डॉक्टरांचा तोच नियम तिथंही लागतो.