चार भाषा, एकच लेखन: शब्दसूचीत नोंदी कशा ठेवाव्यात?

पूर्वभाग_सोलापूर: वाचनालयासाठी मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू शब्दांची एकत्र यादी एक्सेलमध्ये करतोय, सगळी देवनागरीत. डुप्लिकेट काढले की 'नाव', 'खाली', 'मने' एकदाच उरतात आणि दुसऱ्या भाषेतला अर्थ उडतो. एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन अर्थ लिहिले तर चालेल?

कोशकिडा: नको. भाषा आणि क्रमांक असे दोन रकाने वाढवा आणि डुप्लिकेट काढताना शब्दासह तिन्हींवर टिक करा. क्रमांक लागतोच, कारण मराठीतसुद्धा 'ते नाव' वेगळं आणि 'ती नाव' म्हणजे होडी वेगळी. हिंदीत फक्त होडी.

शिवाय योगायोग आणि एकाच मुळातून फुटलेले अर्थ वेगळे ठेवा. हिंदी 'खाली' (रिकामा) अरबीतून आला, मराठी 'खाली'शी त्याचं नातं नाही. 'शिक्षा' मात्र एकच संस्कृत शब्द: हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड. खरा घोळ 'व्यवसाय' घालतो. कन्नडमध्ये त्याचा रूढ अर्थ शेती! मराठी अर्जातला रकाना तसाच कन्नडमध्ये उतरवला तर विचारलं एक, कळलं भलतंच. तिथे 'उद्योग' लिहा.

जोडाक्षर: 'मने'चा घोळ लिपीचा आहे. कन्नड 'मनॆ' (घर) मधला ए ऱ्हस्व. त्यासाठी देवनागरीत ॆ ही वेगळी मात्रा आहे, युनिकोड ०९४६. ती वापरली की मराठी 'मने' आपोआप वेगळी पडतात. कन्नड 'मर' (झाड) मात्र मात्रेने सुटत नाही. शेवटचा अ उच्चारतात, म्हणून उच्चाराचा रकाना हवाच. तेलुगू शब्दांचा शेवटचा उ गाळू नका. 'पालु' म्हणजे दूध, उ गेला की दुधात पाल.

पूर्वभाग_सोलापूर: रकाने वाढवले. पण 'दऱ्या' दोनदा येतोय, दोन्ही मराठीच!

जोडाक्षर: एकात ऱ आहे, दुसऱ्यात र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. एक्सेलच्या सबस्टिट्यूट सूत्राने 'र्' आणि युनिचार ८२०५ (म्हणजे तेच अदृश्य चिन्ह) ही जोडी शोधून तिथे 'ऱ्' घाला. नुसतं चिन्ह पुसलंत तर दऱ्यांचा दर्या होईल. हे आधी करा, डुप्लिकेट नंतर काढा.