मराठी मीडियमच्या मुलांना इंग्लिश शिकवायचंय, बीएला मायनर काय घेऊ?

कृष्णाकाठची
नमस्कार, बरेच महिने नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात आहे, बीए भाग १ झालं. इंग्लिश मेजर (मुख्य विषय) पक्कं आहे. पहिल्या वर्षाला इंग्लिशसोबत सायकॉलॉजी आणि मराठी होतं, आता या दोन्हीतलं एक मायनर (दुय्यम विषय) ठेवायचं आणि एक सोडायचं, फॉर्म भरायला आठवडा उरलाय आणि घरात रोज यावर चर्चासत्र भरतंय. मावशी म्हणते सायकॉलॉजी, मराठीच्या मॅडम साहजिकच मराठी, पप्पा म्हणतात जे स्कोरिंग असेल ते.

मला पुढे इंग्लिश शिकवायचंय, पण कॉलेजात शेक्सपिअर वगैरे नाही, ज्यांच्या घरात इंग्लिश कुणीच बोलत नाही अशांना. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी मीडियम, पप्पा एसटीत कंडक्टर. दिवाळीपासून दर रविवारी आमच्या आळीतल्या 11 मुलांना घेऊन बसते, पाचवी ते आठवीची आहेत. कविता धडाधड म्हणतात, स्पेलिंग पाठ, पण काल काय केलंस विचारलं की "येस्टर्डे आय ॲम गो". टेन्सचा तक्ता पाठ करून घेतला, तक्ता बिनचूक म्हणतात आणि परत आय ॲम गो. तिथे लक्षात आलं की मला इंग्लिश येतं पण शिकवता येत नाही, आणि आमच्या सिलॅबसमधे तर सगळ्या कविता नि नाटकंच दिसतायत.

तर मायनर कुठलं? इन्स्टावर 120 तासांच्या ऑनलाइन टेफल (परभाषा म्हणून इंग्लिश शिकवण्याच्या) सर्टिफिकेटच्या जाहिराती येतात ते करू का? नंतर बीएड की एमए? आणि शेवटचं, मैत्रीण म्हणते आपण नेटिव्ह नाही, आपल्याला बाहेर कोण विचारतंय, यात कितपत तथ्य आहे? खूप प्रश्न झाले, सॉरी.

खडूवाला
15 वर्षं झाली जिल्हा परिषदेच्या शाळेवर, परभणी जिल्हा. तुमचं आय ॲम गो वाचून हसलो, कारण आमच्याकडे पण हेच चालू आहे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, म्हणजे आता या लेकरांचे आईबाप पण पहिलीपासून इंग्रजी शिकलेले असायलेत, तरी गाडी तिथंच.

आधी पोटापाण्याचं बोलतो. शाळेत नोकरी करायची तर बीएड लागणारच, त्याची सीईटी, दोन वर्षं, वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सहावी ते आठवीला पेपर दोन. एमए केलं तर चांगलंच पण एमएवर शाळेत कोणी घेत नाही. हे सगळं करून भरती कधी निघेल ते मला विचारू नका, माझा बीपी वाढतो.

मायनर सायकॉलॉजी घ्या असं म्हणेन. बीएडला पुन्हा मानसशास्त्र येतंच, आधी झालेलं असलं की सोपं जातं. आणि वर्गात लेकरू बोलत का नाही हे कळायला व्याकरण पुरत नाही. माझ्या वर्गात एक पोरगी होती, दोन वर्षं इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही, मी समजलो येत नाही. एकदा खिचडी वाटपाच्या रांगेत मागच्या पोरीला ती इंग्रजीतून दटावत होती, हुबेहूब माझ्या आवाजात. म्हणजे येत होतं सगळं, माझ्यासमोर चुकायचं नव्हतं फक्त. त्या दिवसापासून मी बोलताना चूक दुरुस्त करणं बंद केलं, वहीत करतो.

तिरपागडा
सायकॉलॉजीच घे, पुढे पालकसभेत पालकांना झेलायला उपयोगी पडेल.

अनुस्वार
खडूवाला सरांचा अनुभव मोठा आहे, तरी मी मराठीच्या बाजूने उभा राहतो. (डेक्कन कॉलेजातून लिंग्विस्टिक्समधे, म्हणजे भाषाविज्ञानात, एमए केलंय, त्यामुळे मत एकतर्फी आहे हे आधीच मान्य.)

ती मुलं चुकतात कशी ते नीट बघ. "ॲंग्री ऑन मी" म्हणतात ना? कारण आपण माझ्यावर रागावतो. "मॅरिड विथ" म्हणतात कारण लग्न कोणाशी तरी होतं. म्हणजे पोरगं वेंधळेपणा करत नाहीये, मराठीचं अगदी काटेकोर भाषांतर करतंय. सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे हॅव. इंग्लिशमधे भाऊ असो, सायकल असो, ताप असो, सगळीकडे आय हॅव. आणि आपल्याकडे बघ, मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे सायकल आहे, मला ताप आलाय, घराला तीन खोल्या आहेत. मराठीत हॅव असं क्रियापदच नाही! आपण ते काम "मला", "कडे", "ला" यांच्यावर ढकलतो. म्हणून मुलगा लिहितो "मी टू ब्रदर्स आर", आणि बाई त्याला लाल पेनाने उडवतात, खरं तर त्याने शब्दाला शब्द अगदी बरोबर बसवलेला असतो. प्रश्नाचंही तेच. जेवलास, जेवलास का, एक "का" शेपटीला लावला की झाला प्रश्न, त्यामुळे आधी "डिड" आणून पुढे ठेवायचा आणि मग क्रियापदाचा भूतकाळ काढून घ्यायचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता हे तुला दिसायला हवं असेल तर इंग्लिश आणखी शिकून दिसत नाही, मराठी बाहेरून बघता यायला लागते. मराठीच्या बीएला बहुतेक ठिकाणी भाषाविज्ञान आणि व्याकरणाचा पेपर असतो (तुमच्या विद्यापीठात कुठल्या सेमला आहे ते सिलॅबसची पीडीएफ काढून आधी बघ, नसेल तर माझं सगळं म्हणणं मागे). इंग्लिश मेजरमधेही एखादा लँग्वेज-लिंग्विस्टिक्सचा पेपर असतो, पोरं तो अवघड म्हणून टाळतात आणि नॉव्हेलचा पेपर घेतात. तू टाळू नकोस. फोनेटिक्स (उच्चारांचा अभ्यास) मन लावून कर. आपल्या फायद्याचं पण बरंच आहे, ॲ आणि ऑ आपल्याकडे लिपीतच आहेत त्यामुळे पेन आणि पॅन वेगळे ऐकू येतात, जहाजातल्या दोन ज मुळे झेडही जमतो. अडतं ते व आणि व्ह ला, तो व्ह आपण हवा सोडून म्हणतो, ओठावर दात टेकवून नाही.

आजोबांच्या पिढीने तर्खडकर भाषांतर पाठमाला घोटून इंग्लिश शिकलं, त्याला आपण हसतो, पण दोन भाषा शेजारी ठेवून बघायची सवय त्यातून लागायची. नुसतं भाषांतर करत बसावं असं म्हणत नाहीये हां.

कोथरूडकर काकू
अनुस्वार यांचं म्हणणं मराठी मुलांपुरतं शंभर टक्के पटलं. पण हिने शेवटी बाहेरचंही विचारलंय म्हणून लिहिते. मी पुण्यात आठ-नऊ वर्षं परदेशी विद्यार्थ्यांना शिकवलं, इराणी, अफगाणी, येमेनी, मधे काही कोरियन. एका वर्गात 12 जण आणि भाषा पाच, तिथे माझी मराठी काय कामाची? अरबीत प नाही, त्यामुळे येमेनी मुलं बिनधास्त "बेप्सी" मागायची. इराणी मुलांना शब्दाच्या सुरुवातीला स्क, स्ट आलं की आधी एक स्वर घ्यावाच लागतो, इस्कूल, इस्टुडंट. हे मला एमएने शिकवलं नाही. माझं एमए इंग्लिश लिटरेचर, त्यातला एक फोनेटिक्सचा पेपर सोडला तर वर्गात सरळ उपयोगी पडलं असं काही नाही. कविता वाचायला अजून आवडतात ती गोष्ट वेगळी.

मग नोकरी लागल्यावर सेल्टा केलं. केंब्रिजचं सर्टिफिकेट, 120 तास, आणि त्यातले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवायचं, मागे ट्रेनर बसून लिहीत असतो. पहिल्या तासानंतर मला वाटलं झकास झालं. ट्रेनरने कागद पुढे केला, 40 मिनिटांपैकी 31 मिनिटं तू बोललीस. इतकी वर्षं शिकवून हे! रात्री घरी येऊन रडले चक्क. पण त्या कागदाने जे शिकवलं ते पुढच्या सगळ्या वर्षांना पुरलं. इन्स्टावरच्या 120 तासांत आणि या 120 तासांत फरक हाच, तिथे व्हिडिओ बघून टिचक्या मारायच्या, तुला शिकवताना कुणीच बघत नाही. त्यावर आत्ता पैसे घालवू नकोस. सेल्टाही आत्ता नको, फी लाखाच्या पुढे जाते, ते पगारातून करायची गोष्ट आहे. अगदीच काही हवं असेल तर इग्नूचं इंग्लिश शिकवण्याचं सर्टिफिकेट आहे, ते ग्रॅज्युएशननंतर बघ.

नेटिव्हचं म्हणशील तर मैत्रीण पूर्ण चूक नाही. कोरियात भाषाशिक्षकाचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या पासपोर्टवाल्यांना मिळतो, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. आपण कितीही चांगले असलो तरी पासपोर्ट बदलत नाही. पण वर्गातलं सांगते, "आर्टिकल मलाही शिकावे लागले, आमच्या भाषेत नाहीत" असं मी म्हटलं की इराणी मुली सुटकेचा श्वास सोडायच्या. ते गोऱ्या माणसाला म्हणताच येत नाही.

आणि एक फुकटचा सल्ला, तीन वर्षांत एखादी नवीन भाषा शून्यापासून शीक, कन्नड शीक, जपानी शीक, काहीही. भर वर्गात बावळट ठरण्याची चव परत घ्यायला हवी.

अनुस्वार
काकू, ते शेवटचं फार पटलं. मी तमिळ शिकायला गेलो होतो, तिसऱ्या आठवड्यात चहा पाहिजे हे सांगता येत नव्हतं आणि पोटात गोळा यायचा.

ओपन इलेक्टिव्ह
कॉलेजात शिकवतो, त्यामुळे क्रेडिटच्या (कोर्सचं वजन मोजायचं माप) भाषेत बोलतो, कंटाळा आला तर सोडून द्या. सगळे मायनरवर भांडताय पण तीन वर्षांत 132 क्रेडिट असतात, मायनर त्यातला छोटा तुकडा आहे. खरी मजा बाकीच्या रकान्यांत आहे ज्याच्याकडे मुलं ढुंकून बघत नाहीत आणि मित्राने जे घेतलं ते घेतात. फील्ड प्रोजेक्ट असतं, कम्युनिटी एंगेजमेंट असतं, तिसऱ्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग असतं, आमच्याकडे ते सहाव्या सेमला चार क्रेडिटचं आहे. तुझ्या रविवारच्या वर्गाला यातलं काहीतरी म्हणून बसवता येतं! डिपार्टमेंटला आधी लेखी दे, हजेरी ठेव, मुलांच्या वह्यांचे फोटो ठेव. 11 मुलांच्या चुका सहा महिने गोळा करून, कुठली मराठीतून आली आणि कुठली नाही असं वर्गीकरण केलंस तर ते आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रोजेक्टपेक्षा बरं होईल (निम्मे प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात जन्माला येतात).

मराठी घेतलंस तर सायकॉलॉजी ओपन इलेक्टिव्हला (मेजर-मायनरबाहेरचा, आपण निवडायचा विषय) मिळतं का विचार. आमच्याकडे ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या फॅकल्टीचं घ्यावं लागतं त्यामुळे सायकॉलॉजी बसत नाही, तुमच्याकडे काय ते ऑफिसात विचारूनच ठरव. नाही बसलं तर स्वयमवर (सरकारी ऑनलाइन कोर्सची साइट) बघ, युजीसीच्या नियमाने एका सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात, फक्त कॉलेजने आधी हो म्हणायला हवं, नंतर नेलेलं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावण्यापुरतंच.

एमएचं म्हणशील तर हैदराबादचं इफ्लू बघ. 1958 ला इंग्लिश शिकवण्यासाठीच काढलेली संस्था, नंतर सेंट्रल युनिव्हर्सिटी झाली, शिक्षकांसाठीचे डिप्लोमे पण आहेत. साहित्याच्या एमएपेक्षा तुला ते जास्त मानवेल असं वाटतं. बीएड आधी की ते आधी, हे घरच्या परिस्थितीवर आहे, त्यात मी पडत नाही.

तक्त्याचं राहिलंच. 1979 ते 84 मधे एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या शाळांत प्रयोग केला होता, बंगलोर प्रोजेक्ट म्हणतात. व्याकरण शिकवायचंच नाही, मुलांना नकाशा, रेल्वेचं टाइमटेबल असं काहीतरी द्यायचं आणि त्यावरचं कोडं सोडवायला लावायचं, भाषा त्या नादात येते असा विचार. त्यावर पुढे वादही भरपूर झाले. पण तुझ्या घरात एसटीचं वेळापत्रक असेलच की.

खडूवाला
हे वेळापत्रकाचं मी पण करून बघतो सोमवारी. आणि अनुस्वार साहेब, हॅवचं एवढं मला 15 वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, ट्रेनिंगं तर ढीगभर केली. मत बदलत नाही पण अर्धं बदललं.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सिलॅबस काढला, मराठीला भाषाविज्ञान आहे पण ते तिसऱ्या वर्षाला, आणि सायकॉलॉजी आमच्याकडे ओपन इलेक्टिव्हला मिळत नाही असं ऑफिसात सांगितलं. (दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा जोरात.) मी मराठी भरतेय. मावशीला अजून बोलले नाहीये.

काल रविवार होता म्हणून पप्पांकडून जुनं वेळापत्रक घेतलं आणि मुलांना विचारलं की महाबळेश्वरला जेवायच्या वेळेला पोचायचं तर कुठली गाडी, उत्तर इंग्लिशमधेच द्यायचं. पहिली दहा मिनिटं सगळे मराठीतच भांडले. मग आठवीतला एक म्हणाला "दिस बस इज गो ॲट नाइन", आणि त्याच्या शेजारची लगेच "नो नो, दॅट बस डज नॉट स्टॉप". डज नॉट! एरवी बोलताना हिचं डज नेहमी राहायचं. कसं आलं मला माहीत नाही. काकूंचं वाचून घड्याळ लावलं होतं, मी 26 मिनिटं बोलले तासाभरात, त्यातली बरीच गप्प बसा म्हणण्यात गेली ती धरायची का?

इज गो चं काय करायचं पण? दुरुस्त करायचं की सोडून द्यायचं तेव्हाच्या तेव्हा?

खडूवाला
तेव्हा सोडायचं. त्याला फक्त विचारायचं, "ओह, इट गोज ॲट नाइन?" आणि पुढं जायचं. वही आहेच नंतर.