मदत हवी आहे: झोडलेलं भात वाळवण्याआधी कसं साफ करावं?

नमस्कार मंडळी. राहायला कोथरूडला, पण पौडजवळ आमचं थोडं भातखाचर आहे. इंद्रायणी लावलाय. दरवर्षी आई सगळं बघायची, यंदा तिचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मळणी माझ्याकडे आली.

काल पत्र्याच्या पिंपावर भारे झोडले. दाणे सुटले, पण ताडपत्रीवरच्या राशीत पेंढ्याचे तुकडे, हिरवी पाती, पोचट दाणे सगळं एकत्र आहे. संध्याकाळी राशीत हात घातला तर आत चक्क गरम लागलं! ओला कचरा तसाच राहिला तर भात तापतं, दाणा पिवळा पडतो, आणि वाळतंही कमी-जास्त. म्हणून उन्हात पसरण्याआधीच उफणावं म्हणते. वारा मात्र पडलाय.

टेबल फॅनसमोर सुपाने उफणलं तर भरलेले दाणेही उडतील का? पंखा किती लांब ठेवावा? आधी चाळण मारावी की नंतर? उरलेल्या भाऱ्यांसाठी मुळशी भागात पायाने चालवायचं मळणी यंत्र भाड्याने मिळेल का? ट्रॅक्टर फिरवायचा नाही, दाण्याला तडा गेला की भरडताना कणी फार होते.

रास आत्ता पातळ पसरून ठेवलीय. कृपया लवकर सांगा.