आयटीत कपात, पुनावळ्यात टॉवर: घरांच्या किमती कोसळणार का?

वाकडकर

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. पश्चिम पुण्यातली घरं येत्या दोन-तीन वर्षांत २५ ते ३० टक्क्यांनी उतरतील असं माझं मत आहे.

वाकड, ताथवडे, पुनावळे, मारुंजी या पट्ट्यात घर घेणारी जोडपी एकाच साच्यातली. नवरा आयटीत, बायको आयटीत, दोघांचे पगार धरून बँकेने कर्ज दिलेलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं. कंपनीच्या आकारमानात ते दोन टक्केच, पण कमी कोण होणार, तर मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. म्हणजे नेमके ज्यांचे हप्ते चालू आहेत ते. नव्या भरतीचं काय चाललंय ते ज्यांची मुलं यंदा इंजिनिअर झाली त्यांना विचारा.

आता हिशेब बघा. १ कोटी १० लाखांचा टू बीएचके. ८० लाख कर्ज, २० वर्षं, ८ टक्के धरले तरी हप्ता ६७ हजारांच्या घरात. तोच फ्लॅट, तीच सोसायटी, भाडं ३० हजार. म्हणजे वर्षाचं भाडं किमतीच्या सव्वातीन टक्के, त्यातून घरमालकाचा मेंटेनन्स आणि उन्हाळ्यातला टँकर वजा. साधी एफडी याच्या दुप्पट देते. मग माणूस घर घेतो कशावर? पुढे भाव वाढेल, या एकाच भरवशावर.

रात्री भूमकर चौकातून मारुंजीच्या रस्त्याला लागा आणि वर बघा. ताबा देऊन वर्ष उलटलेल्या इमारतींत अख्खे मजले काळोखात असतात. ही राहायला घेतलेली घरं नव्हेत, ठेवायला घेतलेली आहेत. अशा मालकांपैकी चार जणांनी एकदम विकायला काढली की बाकीचे थांबणार नाहीत.

विरुद्ध मत असेल त्यांनी जरूर लिहा. फक्त "जमीन काही वाढत नाही" हे वाक्य सोडून.

कोथरूडचा काका

बरं, ते वाक्य सोडतो. अनुभव तर सांगू की नाही?

२००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली तेव्हा माझा पुतण्या हेच बोलत होता. थांबतो, अजून पडेल, अजून पडेल. झालं काय? रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ९ वरून ४.७५ वर आणला, कर्जं स्वस्त झाली आणि २०१० उजाडेपर्यंत भाव होते तिथे येऊन पुढे निघाले. पुतण्या अजून भाड्याने राहतो.

२०२० ला तर जग बंद होतं. तेव्हाही तज्ज्ञ मंडळी टीव्हीवर वीस-तीस टक्के पडणार म्हणून सांगत होती. रेपो ४ टक्के झाला, सहा महिने हप्ते थांबवायची सवलत मिळाली, राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्कात थेट ३ टक्क्यांची सूट दिली. डिसेंबरात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर काय रांगा होत्या!

मंदी आली की सरकार आणि बँका दोघेही घरांच्या पाठीशी उभे राहतात, कारण स्टील, सिमेंट, मजूर, सगळं त्यावर चालतं. मी स्वतः रावेतला गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलाय. मला काही झोप उडाल्यासारखं वाटत नाही.

चक्रवाढ

काका, २०१० नंतरची गोष्ट सांगितलीत, २०१४ नंतरची गाळलीत. २०१४ ते २०२० पुण्यात बऱ्याच भागांत दर जवळजवळ जागच्या जागी होते. मध्ये नोटाबंदी आली, मग बिल्डरांवर लगाम घालणारा रेरा कायदा, मग जीएसटी, मग सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएस या बड्या वित्तसंस्थेने हात वर केले आणि बिल्डरांना मिळणारा पैसा आटला. फ्लॅटच्या पाटीवर आकडा तोच राहिला, पण महागाई वर्षाला ५ टक्के धरली तरी सहा वर्षांत त्या आकड्याची खरी किंमत पाऊण झाली. म्हणजे २५ टक्के पडलाच की भाव. फक्त कोणाला ओरडायला कारण मिळालं नाही.

माझा अंदाज पुढेही हाच. कोसळणार नाही, कुजणार.

निवृत्त बँकर

वाकडकर, तुमचा हप्त्याचा हिशेब बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही.

अमेरिकेत २००६ नंतर जे झालं त्याच्या मुळाशी पगाराची चिठ्ठीही न बघता दिलेली कर्जं होती. आपल्याकडे ७५ लाखांवरचं गृहकर्ज असेल तर किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त देताच येत नाही. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी ग्राहकाने स्वतःच्या खिशातून भरायची. म्हणजे पहिल्याच दिवशी त्याचे स्वतःचे तीसेक टक्के घरात अडकलेले असतात. असा माणूस चावी टेबलावर ठेवून निघून जात नाही. आणि गेला तरी उरलेल्या रकमेसाठी बँक त्याला सोडत नाही.

नोकरी गेल्यावर काय होतं ते मी काउंटरच्या या बाजूने पाहिलंय. आधी क्रेडिट कार्ड थकतं. मग गाडीचा हप्ता. मग बायकोचं सोनं तारण पडतं, मग वडिलांची एफडी मोडते, मग सासऱ्यांकडे शब्द टाकला जातो. घराचा हप्ता सगळ्यात शेवटी चुकतो. ९० दिवस थकल्यावर खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं, मग बँकेला तारण जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव, आणि मध्येच कोणी तरी डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाऊन स्थगिती आणतो. लिलावाची घरं बाजारात इतकी हळू आणि इतकी तुरळक येतात की त्यांनी भाव पडत नाहीत.

मला काळजी वेगळीच आहे. स्वतःचे २५ टक्के म्हणून जे दाखवतात, त्यात अलीकडे पर्सनल लोन घुसलेलं असतं. कागदावर दिसत नाही, पण दर महिन्याला जातं.

डब्लिनकर

बँकर साहेब, आदर ठेवून विरोध नोंदवतो. मी आयर्लंडमध्ये राहतो आणि तुम्ही दिलेली जवळजवळ सगळी कारणं इथेही लागू होती.

इथलं कर्जही माणसाच्या मागे लागणारं. चावी देऊन सुटका नाही. त्या काळी दिवाळखोरी जाहीर केली तरी बारा वर्षं मोकळं होता येत नव्हतं. जप्त्याही फार झाल्या नाहीत. तरी २००७ ते २०१३ मध्ये घरांच्या किमती निम्म्यावर आल्या. का? कारण भाव ठरवतो तो पुढचा खरेदीदार, हप्ते फेडणारा जुना मालक नव्हे. बेकारी साडेचार टक्क्यांवरून पंधराच्या आसपास गेली, बँका स्वतःच बुडायला आल्या आणि नवीन कर्ज कोणाला मिळेना. वर्षभरात पूर्वीच्या मानाने मूठभर व्यवहार झाले, पण तेच मूठभर व्यवहार सगळ्यांच्या घराची किंमत ठरवून गेले.

शहराबाहेर अर्धवट वसाहती कित्येक वर्षं तशाच उभ्या होत्या. रस्ते आहेत, दिव्याचे खांब आहेत, घरांना खिडक्या नाहीत. २००७ ची पातळी परत गाठायला २०२२ उजाडलं. पंधरा वर्षं! काकांच्या पुतण्याला सांगा, इथे थांबलेला माणूस शहाणा ठरला असता.

तेव्हा पुण्यात प्रश्न हप्ता कोण चुकवणार हा नाही. पुढच्या वर्षी ८० लाखांचं कर्ज मिळण्याएवढा पगार किती नव्या जोडप्यांना असेल, हा आहे.

साईटवाली

मी हिंजवडी पट्ट्यात एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसात आहे, नाव सांगणार नाही. दोन्ही बाजू वाचून थोडं हसू आलं, कारण भाव पडताना दिसतो कसा हे कोणीच लिहिलं नाही.

बोर्डावरचा दर आम्ही कधीच कमी करत नाही. केला तर सहा महिन्यांपूर्वी घेतलेले दोनशे जण दुसऱ्या दिवशी गेटवर उभे राहतील, आणि प्रोजेक्टला पैसा देणारी वित्तसंस्थाही विचारेल की ठरलेल्या दराखाली का विकताय. मग काय करायचं? फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्याचा जादा दर, माफ. पार्किंग "फ्री". मॉड्युलर किचन. मुद्रांक शुल्क आमच्याकडून. दहा टक्के आत्ता भरा, बाकी ताब्याच्या वेळी. चॅनल पार्टनरचं, म्हणजे गिऱ्हाईक आणणाऱ्या एजंटचं, कमिशन दोनवरून चारवर, आणि त्यातलं अर्धं तो ग्राहकाला परत देतो. सगळं मिळून एक कोटीच्या घराला आठ-दहा लाख सहज सुटतात, पण करारावर आणि इंडेक्स टूवर (नोंदणीच्या उताऱ्यावर) आकडा एक कोटीच दिसतो. तुम्ही लोक तो आकडा बघून म्हणता, भाव टिकून आहेत.

यंदा दसऱ्याला आमच्याकडे टेबलावर जेवढं सुटलं तेवढं गेल्या तीन वर्षांत सुटलं नव्हतं. मोठ्या घरांना गिऱ्हाईक आहे. अडकलाय तो छोटा टू बीएचके, जो पाच वर्षं नोकरी झालेला मुलगा घ्यायचा. तो आता "अप्रेझल होऊ द्या" म्हणून जातो आणि परत येत नाही.

वाकडकर

साईटवाली ताई, म्हणजे १० टक्के पडलेच आहेत! माझ्या २५ ला अजून पंधराच कमी.

कोथरूडचा काका

सूट म्हणजे पडझड नव्हे हो. दिवाळीत साड्यांवरही सूट असते.

आणि एक गोष्ट विसरताय. रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले घरांचे दर. १ एप्रिल २०२५ पासून सरकारने ते वाढवले. त्याखाली व्यवहार केला तरी मुद्रांक शुल्क रेकनरवरच भरावं लागतं. फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर तो घेणाऱ्याचं उत्पन्न धरून आयकर लागतो आणि विकणाऱ्याचा भांडवली नफाही रेकनरवरच मोजतात. कोण घेणार मग स्वस्तात? ती जमीन आहे, त्याखाली जाता येत नाही. (जमीन शब्द आलाच, माफ करा वाकडकर.)

चक्रवाढ

रेकनर ही जमीन आहे हे मान्य, पण तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे ते बघा. वाकडात बऱ्याच सोसायट्यांचा बाजारभाव रेकनरच्या चांगलाच वर आहे. तिथपर्यंत उतरायला भरपूर जागा आहे.

माणगावकर

मी हिंजवडीजवळच्या माण गावचा. आयटी पार्कला जमिनी गेल्या त्यांतलाच. सगळे पगारावर बोलताय, आमच्याबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितो.

इकडे बऱ्याच जमिनी बिल्डरने विकत घेतलेल्याच नाहीत. विकसन करार झाले. जमीन आमची, बांधकाम त्याचं, तयार फ्लॅट ठरल्या हिश्श्याने वाटून घ्यायचे. कोणाला आठ आले, कोणाला पंधरा. त्यावर कर्ज नाही, हप्ता नाही. वाकडकरांना काळोखात दिसतात त्यांतले कैक फ्लॅट असलेच. मंदीने आम्हाला काय फरक पडतो? दहा वर्षं कुलूप राहील.

पण हेही खरं की आमच्या फ्लॅटला खरेदीची किंमतच नाही. त्यामुळे घरात लग्न निघालं, इलेक्शन लागलं किंवा भावकीत वाटण्या झाल्या, की समोरचा रोख देत असेल तर आम्ही भावाला अडून बसत नाही. गेल्या वर्षी आमच्या चुलत्यांकडे वाटणी झाली, सहा फ्लॅट एकदम निघाले, आणि त्याच बिल्डिंगमध्ये बिल्डरचा माणूस जो दर सांगत होता त्याच्या बरंच खाली गेले. बिल्डर चिडला. चुलते म्हणाले, जमीन कोणाची होती?

निवृत्त बँकर

हे उत्तम लिहिलंत. आमच्या कुठल्याच अहवालात हा पुरवठा दिसायचा नाही.

डब्लिनकरांना उत्तर: आयर्लंडमध्ये बँकांनी १०० टक्के कर्जंही दिली होती आणि रोजगारातला मोठा हिस्सा थेट बांधकामावर उभा होता. शिवाय बँकाच बुडाल्या. आपल्या बँकांचे ताळेबंद आज तसे नाहीत. तुमचा "पुढचा खरेदीदार" हा मुद्दा मात्र मी घेतो. त्यातूनही भाव पडण्याआधी मी दुसऱ्या गोष्टीला भिईन. प्रकल्प रखडण्याला. नोएडात तेच झालं. आम्रपाली या बिल्डरची घरं बुक केलेले हजारो लोक हप्ताही भरत होते आणि भाडंही. शेवटी जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवलं. अशाच अडकलेल्या प्रकल्पांसाठी केंद्राला त्याच वर्षी २५ हजार कोटींचा निधी काढावा लागला. ज्याने तिथे घर "स्वस्तात" बुक केलं होतं त्याला विचारा मंदी म्हणजे काय.

वाकडकर, म्हणून घ्यायचंच झालं तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळालेलं घ्या. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्या बिल्डरच्या आधीच्या प्रकल्पांना किती वेळा मुदतवाढ मिळाली तेही बघा. दहा लाख जास्त गेले तरी चालतील.

वाकडकर

बँकर काका, रखडण्याचं पटलं. तयार घरच बघतोय, रीसेलमध्ये. पण माझी २५ टक्क्यांची पैज कायम. तीही सगळ्या पुण्यावर नाही, पुनावळे-मारुंजीच्या टू बीएचकेवर. कोथरूड, प्रभात रोडला हात लावत नाही.

कोथरूडचे काका, तुमचा रावेतचा फ्लॅट विकायचा आहे का? रीसेलच्या जाहिरातींत रावेतचे बरेच दिसतात.

कोथरूडचा काका

काढलाय विकायला. घाई नाही. योग्य गिऱ्हाईक यायचंय.

साईटवाली

काका, कधीपासून काढलाय?

कोथरूडचा काका

झाले काही महिने. पावसाळ्यात कोणी घर बघत नाही.

चक्रवाढ

आणि दर काय सांगताय? इथेच लिहा की, चर्चेला एक तरी खरा आकडा मिळेल.

कोथरूडचा काका

वाकडकरांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

वाकडकर

मिळाला. यात पार्किंग धरलंय का?