दाढेचं रूट कॅनल, इन्शुरन्स नाही, बेळगावात नवीन. स्वस्तात नीट काम कुठं?

चंदगडी_पाव्हणा
नमस्कार मंडळी. चंदगडहून उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला आलोय, दोन महिने झाले. खालची डावी दाढ किडली आहे. गार पाणी लागलं की कळ, आणि रात्री आडवं पडलं की ठणका. खाजगीत रूट कॅनल आणि कॅप सांगितली, आकडा पगाराच्या निम्म्याच्या वर. मेडिक्लेम नाही. रेशन कार्ड महाराष्ट्रातलं, केशरी. कन्नड येत नाही. काढूनच टाकू का दाढ? पुढच्या महिन्यात आईही येणार आहे, तिला पूर्ण कवळी करायची आहे.

टिळकवाडी_तिसरं_गेट
काढायची घाई नको. आधी आरशात बघा, ती शेवटची अक्कलदाढ आहे की तिच्या अलीकडची. अक्कलदाढ असेल तर काढली तरी बिघडत नाही. अलीकडची असेल तर आज काढणं स्वस्त पडतं आणि पुढं महागात जातं. शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, वरची दाढ खाली उतरते, आणि मग ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात, करायचा तर दोन चांगले दात घासून तीन दातांचे पैसे भरावे लागतात.

दुसरं, गार पाण्याची कळ किती वेळ राहते? दोन-चार सेकंदांत गेली तर नुसत्या सिमेंटवर, म्हणजे फिलिंगवर, भागायची शक्यता असते. मिनिटभर ठसठसत राहिली, वर आडवं पडल्यावर ठणका, म्हणजे नस सुजली आहे. तिथं फिलिंग भरून घेऊ नका, आठवड्यात परत दुखेल आणि तेही पैसे जातील.

जागा म्हणाल तर बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत. नेहरूनगरात केएलईचं, बॉक्साइट रोडवर मराठा मंडळाचं. दोन्हीकडं इन्शुरन्स कोणी विचारत नाही, रेशन कार्डही नाही. दर खाजगीपेक्षा बरेच कमी. खरी किंमत खेपांमध्ये मोजायची.

हजेरीबुक
थांबा थांबा. उद्यमबागेत कामाला आहात ना? मग इन्शुरन्स नाही हे नक्की कशावरून? पगाराची स्लिप काढा आणि ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, रकाना बघा. दहा किंवा जास्त कामगार आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर मालकाला ईएसआय लावावंच लागतं. तुमच्याकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५. म्हणजे १८,००० पगारावर तुमचे फक्त १३५ रुपये कापतात. एवढ्या लहान रकमेकडं कोणाचं लक्ष जात नाही, म्हणून निम्म्या लोकांना आपण विमाधारक आहोत हेच ठाऊक नसतं.

कपात दिसली तर हिशेबनिसाकडून दहा आकडी विमा नंबर आणि ई-पहचान कार्डाची प्रिंट मागा. घरच्यांची नावं आणि आधार त्यात चढलेत का बघा. औषधोपचाराचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतो, सहा महिने थांबा वगैरे सांगतील ते रजेच्या पैशाबद्दलचे नियम. आधी तुमच्या नावावर लावलेल्या डिस्पेन्सरीत जायचं, तिथून चिठ्ठी घेऊन पुढं. चिठ्ठीशिवाय बाहेर केलेला खर्च परत मिळवणं म्हणजे चपला झिजवणं. दात काढणं, भरणं, औषधं यासाठी ही वाट धरा. कॅप आणि कवळी मात्र मिळेलच असं धरून चालू नका, तिथंच विचारा. आई तुमच्यावर अवलंबून असेल आणि तिचं उत्पन्न महिना ९,००० च्या आत असेल तर तिचंही नाव चढतं.

चंदगडी_पाव्हणा
स्लिपच मिळत नाही, पगार हातात. आमच्यात सात माणसं. म्हणजे ईएसआय नाहीच. महाराष्ट्र सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसतं का? इकडं कर्नाटकातल्या, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांनाही लागू केली म्हणतात.

हजेरीबुक
नाही. ती योजना दवाखान्यात भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. जबडा मोडला तर कागद घेऊन जा, दाढ भरायला नाही. आणि केशरी कार्ड इकडं दाखवून कर्नाटकाच्या बीपीएल सवलती मिळत नाहीत.

टिळकवाडी_तिसरं_गेट
मग कॉलेजच. पद्धत सांगतो, म्हणजे पहिल्याच दिवशी भांबावायला होणार नाही.

सकाळी लवकर पोचा, आधार घेऊन. केस पेपर काढला की आधी तपासणी विभागात पाठवतात, ओरल मेडिसिन म्हणतात त्याला. तिथं दातांचा तक्ता भरतात आणि एका दाताचा लहान एक्स-रे काढतात. सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे प्रत्येकाला लागत नाही, सांगितला तर कशासाठी ते विचारा. एक्स-रेचा फोटो मोबाइलवर घेऊन ठेवा. मग रूट कॅनलवाल्या विभागात. पहिला दिवस बहुतेक एवढ्यातच जातो, त्यामुळं अर्धी रजा टाकून जाऊ नका, पूर्णच टाका.

पुढच्या दाताच्या मुळात बहुतेक एकच नळी असते. खालच्या मोठ्या दाढेला तीन, कधी चार. म्हणून तुमची दाढ एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकीची पदव्युत्तर पदवी, करणाऱ्या विद्यार्थ्याकडं गेलेली बरी. बीडीएसचे, म्हणजे पहिल्या पदवीचे, विद्यार्थी बहुतेक पुढच्या दातांवर हात बसवतात. प्रत्येक पायरीला सर किंवा मॅडम येऊन बघतात, सही करतात, मग पुढं. म्हणून वेळ लागतो. काम त्यामुळं कच्चं होत नाही, उलट तपासून होतं. तीन-चार खेपा धरा. पहिल्या खेपेला नस काढतात, मग नळ्या फाइलनं साफ करून औषधानं धुतात, गरज पडली तर आत औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट लावतात, शेवटी नळ्या गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थानं भरतात.

लोक फसतात ते इथं. पहिल्या खेपेनंतर दुखणं थांबतं आणि माणूस गायब होतो. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांचं असतं. ते झिजलं की लाळ आत जाते, नळ्या परत किडतात आणि या वेळी सुजून येतं.

रूट कॅनल झाल्यावर कॅपही टाळू नका. पोखरलेली दाढ भाकरीच्या एका कडक तुकड्यावर उभी चिरते. उभी चिरली की काढण्याशिवाय इलाज नाही, सगळे पैसे पाण्यात. कॅपचा विभाग वेगळा, पावती वेगळी, म्हणून पहिल्याच दिवशी दोन्हींचा मिळून आकडा विचारा. मागच्या दाढेला साधी धातूची कॅप घ्या. स्वस्त, दात कमी घासावा लागतो, वर्षानुवर्षं टिकते. दिसते चंदेरी, खरी, पण खालच्या मागच्या दाढेत कोण डोकावतंय?

विद्यार्थ्याचा नंबर घ्या आणि तो कितव्या वर्षाला आहे ते विचारा. शेवटच्या वर्षाचा असेल तर परीक्षेच्या आत काम संपेल का हेही. मध्येच बदलला तर नवीन माणूस पहिल्यापासून एक्स-रे काढतो.

शहापूरची_अक्का
मराठी चालतंय ओ दोन्हीकडं, घाबरू नका. पोरं बाहेरगावची असतात, हिंदी बोलतात.

खरं तोवर दुखूलालंय म्हणून काय करायचं ते ऐका. दाढेवर ॲस्पिरिन दाबून ठेवू नका, हिरडी भाजून पांढरी होते. लवंग तेल लावायचं तर कापसाच्या बोंडावर एक थेंब, तोही फक्त खड्ड्यात. पॅरासिटामॉल ५०० आणि आयबुप्रोफेन ४००, जेवून झाल्यावर, आठ-आठ तासांनी, दोन-तीन दिवसच. पित्ताचा अल्सर, किडनीचा त्रास, दमा, पोटुशी बाई असेल तर आयबुप्रोफेन नको. जनऔषधीत याच नावानं मागा, स्वस्त पडतंय. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक घेऊन गिळू नका, नसेचा ठणका त्यानं थांबत नाही.

जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना, गिळवेना, ताप चढला, तर ओपीडीची वाट बघत बसू नका. रात्रीच सिव्हिलला किंवा केएलईच्या कॅज्युअल्टीत जावा. ती सूज श्वास अडवते.

आणि आठवडी बाजारात बसून अर्ध्या तासात दात बसवणारे असतात, त्यांच्याकडं आईला नेऊ नका. तार आणि प्लास्टिक शेजारच्या दाताला कायमचं चिकटवतात. खालून अन्न सडतंय आणि चांगले दातही हलायला लागतात.

चंदगडी_पाव्हणा
आभारी आहे अक्का. आईच्या कवळीचं कसं? वय ६६, खालचे तीन दात उरलेत, तेही हलतात, बाकी एकही दात नाही. शुगर आहे.

टिळकवाडी_तिसरं_गेट
कर्नाटकात दंत भाग्य योजनेत बीपीएलवाल्यांना मोफत कवळी मिळते, पण कार्ड इथलं हवं. तुमच्या केशरीवर नाही. त्याच कॉलेजात पैसे भरून करा. विद्यार्थ्यांना ठरावीक कवळ्या कराव्याच लागतात, त्यामुळं कवळीच्या पेशंटचं तिथं स्वागत असतं.

आधी शुगरचा ताजा रिपोर्ट. दात काढायला उपाशीपोटी नेऊ नका, नाश्ता आणि नेहमीची गोळी झालेली हवी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. काढल्यावर कापूस अर्धा तास चावून धरायचा, त्या दिवशी चूळ नाही, थुंकणं नाही, तंबाखू-मिश्री तर नाहीच. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढलं तर परत न्या, जखमेतली रक्ताची गाठ निघून गेलेली असते.

हिरडी भरायला साधारण दीड-दोन महिने. मग कवळीच्या पाचेक खेपा. दोन मापं, चाव्याचं माप, मेणावर दात लावून बघणं, आणि शेवटी कवळी. मेणावरच्या खेपेला आईला आरसा द्या आणि बोलायला लावा, बदल तेव्हाच होतात, नंतर नाही. पहिल्या आठवड्यात टोचणारच. घरी कानसीनं घासू नका, विद्यार्थ्याकडं न्या, दोन मिनिटांत घासून देतो.

निपाणी_नाका
निपाणी-चिकोडीकडचे कोणी वाचत असतील तर तालुका सरकारी दवाखान्यात दंतवैद्य असतात, काढणं-भरणं तिथं उरकतं. रूट कॅनलसाठी निपाणीवाल्यांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, अथणीवाल्यांना सांगलीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय. खेपा चार असतील तर एसटीचं भाडं आधी गुणून बघा.

चंदगडी_पाव्हणा
सोमवारी रजा टाकली. तंबाखू-सुपारीचा मावा खातो, दिवसाला दोन पुड्या. सांगावं लागेल का?

टिळकवाडी_तिसरं_गेट
आत्ताच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर केस पेपर काढतानाच सांगा. मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचायला तोंड उघडावं लागतं, आणि मावा-गुटख्यानं ते आखडत जातं. जात असली तरी सांगाच, तपासणीत गाल आणि जीभ बघून घेतील.