जुलैमध्ये कॅरिबियनमधील ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट: पुंता काना निवडावे की नेग्रिल?

निळाई (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. येत्या जुलैमध्ये आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे पती, ९ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई, सात रात्रींसाठी कॅरिबियनमधील एखाद्या ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमध्ये राहण्याचा विचार करीत आहोत. मुलाच्या सुट्टीमुळे महिना बदलणे शक्य नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुंता काना आणि जमैकातील नेग्रिल या दोन ठिकाणांपाशी आमची निवड अडली आहे. पुंता कानाचे दर कमी आहेत आणि विमानतळापासून रिसॉर्ट अर्ध्या तासावर आहे. नेग्रिलला मात्र माँटेगो बे येथे उतरून सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता कापावा लागेल.

माझ्या तीन अडचणी आहेत. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. त्या आणि मी शाकाहारी आहोत. तिसरी अडचण अशी, की 'सर्व काही समाविष्ट' या शब्दांत प्रत्यक्षात काय येते आणि काय येत नाही, हे माहितीपत्रके वाचून कळत नाही. ज्यांनी असा मुक्काम केला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

वारापाणी

निळाईताई, रिसॉर्टची तुलना थोडी बाजूला ठेवून आपण आधी किनाऱ्यांची तुलना करावी, असे मला मनापासून वाटते. जुलै महिना आणि घरात दम्याचा रुग्ण या दोन गोष्टी एकत्र आल्या, की किनाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हा प्रश्न खोलीच्या दर्जापेक्षा फार मोठा ठरतो.

कारण आहे सरगॅसम. ही तपकिरी रंगाची, पाण्यावर तरंगणारी समुद्री वनस्पती आहे. २०११ पासून ती अटलांटिक महासागराच्या उष्ण पट्ट्यात प्रचंड प्रमाणात वाढू लागली असून, पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत तिचा जवळजवळ अखंड पट्टा उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसतो. २०१८ मध्ये या पट्ट्यात २ कोटी टनांहून अधिक सरगॅसम होते आणि २०२५ च्या मे महिन्यात तो विक्रमही मागे पडून अंदाज ३.७५ कोटी टनांवर गेला. वसंत ऋतूपासून ऑगस्टपर्यंतचे महिने सर्वांत त्रासाचे असतात. खुल्या समुद्रात हीच वनस्पती लहान मासे आणि कासवांच्या पिल्लांना आसरा देते, त्यामुळे तिला सरसकट शत्रू मानू नये. पण किनाऱ्यावर ढीग साचून ती दोन-तीन दिवसांत कुजू लागली, की हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, डोळे चुरचुरतात आणि दम्याच्या रुग्णाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. मार्टिनिक आणि ग्वादलूप या बेटांवर या वायूचे प्रमाण मोजणारी यंत्रे किनाऱ्यालगत बसवावी लागली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे.

कॅरिबियनमध्ये व्यापारी वारे वर्षभर पूर्वेकडून वाहतात आणि सरगॅसमही त्यांच्याबरोबर पूर्वेकडूनच येते. त्यामुळे पूर्वेकडे तोंड असलेले किनारे त्याचा पहिला मारा सोसतात आणि बेटाच्या पश्चिम बाजूचे किनारे पुष्कळदा स्वच्छ राहतात. पुंता काना आणि त्याला लागून असलेला बावारो हा भाग बेटाच्या अगदी पूर्व टोकावर आहे, तर नेग्रिलचा लांबलचक किनारा पश्चिमेकडे पाहतो. पुंता कानाची रिसॉर्टे समुद्रात तरंगते अडथळे लावतात आणि पहाटेपासून किनारा साफ करण्यासाठी माणसे व ट्रॅक्टर कामाला लावतात. तरीही जोरदार लोंढा आला, की पाणी चहासारखे दिसते.

डॉमिनिकन प्रजासत्ताकच हवे असेल तर बायाहिबे हे नाव टिपून ठेवावे. हे गाव आग्नेय किनाऱ्यावर, पुंता काना विमानतळापासून सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. त्याच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे द्वीपकल्प आड येत असल्यामुळे समुद्र बहुधा शांत असतो आणि सरगॅसमही तुलनेने कमी येते. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठ दर महिन्याला सरगॅसमच्या स्थितीचे पत्रक प्रसिद्ध करते. ते मे आणि जूनमध्ये अवश्य पाहावे. रिसॉर्टच्या संकेतस्थळावरील छायाचित्रांवर विसंबू नये. मागील जुलैतील तारीख असलेली, पाहुण्यांनी काढलेली छायाचित्रे शोधावीत.

आता वादळांविषयी. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास सर्वाधिक असतो. जुलै तुलनेने शांत समजला जातो. पण २०२४ मध्ये बेरील हे वादळ १ जुलैलाच ग्रेनाडातील कारियाकू बेटावर आदळले आणि दोनच दिवसांत जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याजवळून गेले. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा हे वादळ ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह जमैकाच्या नैर्ऋत्य भागात धडकले आणि बेटाच्या पश्चिमेकडील भागाची अपरिमित हानी झाली. म्हणून नेग्रिल निवडल्यास इमारतीचे सर्व भाग आणि सर्व उपाहारगृहे चालू आहेत का, हे रिसॉर्टकडून लेखी विचारून घ्यावे. प्रवास विमाही आरक्षणाबरोबरच काढावा, कारण वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाचे नुकसान सहसा धरले जात नाही. वादळाची धास्तीच नको असेल तर अरुबा बेट त्या मार्गाच्या बरेच दक्षिणेला आहे आणि त्याचे मुख्य किनारे पश्चिमेकडेच आहेत. मात्र तेथे ऑल-इन्क्लुझिव्ह पद्धतीची हॉटेले कमी आहेत.

दोनघास

शाकाहाराबद्दल थोडे लिहितो. मोठ्या रिसॉर्टच्या बुफेमध्ये कोणी उपाशी राहत नाही. अडचण येते ती पदार्थ ओळखण्याची. डॉमिनिकन स्वयंपाकात घेवड्याच्या उसळीसारख्या दिसणाऱ्या पदार्थातही डुकराचे मांस चवीसाठी घातलेले असू शकते, आणि 'कार्ने' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तेथील माणूस पुष्कळदा केवळ लाल मांस असा घेतो. म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, असे तिन्ही शब्द उच्चारावेत. न्याहारीला 'मांगू' मिळते. कच्ची केळी उकडून, कुस्करून केलेला हा पदार्थ मऊ असतो आणि वर परतलेला कांदा घालतात. सोबतचे सलामी, म्हणजे मांसाचे काप, तेवढे नको म्हणावेत. सासूबाईंना तो बहुधा आवडेल.

जमैकात 'आयटल' हा शब्द उपयोगी पडतो. रास्ताफारी पंथाच्या या आहारपद्धतीत मांस वर्ज्य असते. कॅलालू ही पालेभाजी आणि नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात यांवर मी तेथे तीन दिवस आनंदाने काढले. मात्र या भातातही कधी खारवलेले मांस टाकतात, म्हणून विचारूनच ताटात घ्यावा. डॉमिनिकन प्रजासत्ताकात नळाचे पाणी पिऊ नये. दात घासतानाही बाटलीचेच पाणी वापरलेले बरे.

मनगटपट्टा

आम्ही दोनदा अशा रिसॉर्टमध्ये राहिलो असल्यामुळे 'सर्व काही' या शब्दांविषयी अनुभवाने सांगते. खोली, तिन्ही वेळचे जेवण, मधल्या वेळचे खाणे, पेये, संध्याकाळचे कार्यक्रम, मुलांचा क्लब आणि कायाकसारखी इंजिनाविना चालणारी जलक्रीडा साधने एवढे बहुतेक ठिकाणी दरात धरलेले असते. स्पा, इंजिनाच्या बोटी, उंची मद्ये, सहली आणि रिसॉर्टमधील डॉक्टर यांचे पैसे बहुधा वेगळे पडतात. डॉक्टरांचे शुल्क विशेष लक्षात ठेवावे. माझ्या मुलीच्या कानदुखीची तपासणी आम्हांला त्या मुक्कामातील एका रात्रीच्या भाड्याएवढी महाग पडली. सासूबाईंचे इनहेलर दुप्पट संख्येने आणि हातातल्या बॅगेतच न्यावेत.

बुफेव्यतिरिक्त जी बसून जेवण्याची उपाहारगृहे असतात, तेथे काही रिसॉर्टे मुक्कामागे ठरावीक वेळाच जेवू देतात आणि रात्री पुरुषांना लांब पँट घालावी लागते. आरक्षण लागत असेल तर ते पोहोचल्या दिवशीच करून टाकावे.

एका गोष्टीने मात्र आमची एक सकाळ वाया गेली. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी 'स्वागत माहिती सत्र' म्हणून आम्हांला बोलावले आणि तेथे सुट्ट्यांच्या क्लबचे, म्हणजे टाइमशेअरचे, सभासदत्व विकण्याचा अडीच तास आग्रह चालला. भेट म्हणून मिळणारे कूपन नाकारून तेथूनच नम्रपणे निघून यावे. त्याने मुक्कामात काही उणे पडत नाही.

गुडघ्यांसाठी: तीन मजली इमारतींना अनेक रिसॉर्टांत लिफ्ट नसते. आरक्षणाच्या शेऱ्यात 'तळमजला' असे लिहून न थांबता, आठवडाभर आधी ईमेल करून उत्तर घ्यावे. आवार इतके पसरलेले असते, की खोलीपासून जेवणघर दहा मिनिटांच्या चालीवर असू शकते. विजेच्या गाड्या फिरत असतात, पण रात्री त्यांची वाट पाहावी लागते.

निळाई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सरगॅसम आणि दमा यांचा संबंध आमच्या ध्यानातही आला नव्हता. आता बायाहिबेकडे मन झुकले आहे. एक प्रश्न उरतो. सारे पैसे आधीच भरल्यावर रिसॉर्टच्या बाहेर पडण्यात काही अर्थ आहे का? आणि ते सुरक्षित आहे का? पती म्हणतात, की सात दिवस एका फाटकाच्या आत राहायचे असेल तर आपण त्या देशात गेलो असे कसे म्हणायचे?

कोल्मादो

आपल्या पतींचे म्हणणे मला पूर्ण पटते. या पद्धतीत पाहुण्याचा बहुतेक खर्च निघण्यापूर्वीच झालेला असतो आणि त्यातील मोठा वाटा विमान कंपन्या, मध्यस्थ आणि परदेशी मालकीच्या हॉटेल साखळ्यांकडे जातो. फाटकाबाहेरच्या खानावळीला, टॅक्सीवाल्याला किंवा फळवालीला त्यातून थेट काही मिळत नाही. जमैकात तर १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्यानुसार सर्वसामान्य माणसाला किनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क नाही, आणि त्यावरून तेथे आजही तीव्र वाद चालू आहेत. डॉमिनिकन प्रजासत्ताकात २०१० च्या राज्यघटनेने किनारे सार्वजनिक मानले आहेत, त्यामुळे रिसॉर्टसमोरच्या वाळूवरून स्थानिक कुटुंब चालत गेले, तर तो त्यांचा हक्क आहे.

बायाहिबेचा मोठा गुण असा, की तेथे खरेखुरे गाव आहे. मूळचे हे कोळ्यांचे गाव असून दिवसा तेथे फिरण्यात मला कधीच अडचण आली नाही. मौल्यवान वस्तू खोलीच्या तिजोरीत ठेवाव्यात, रात्री रिसॉर्टने बोलावलेल्या टॅक्सीनेच यावे-जावे, एवढी काळजी पुरे. थोडे पेसो, म्हणजे तेथील चलन, जवळ ठेवावेत. 'कोल्मादो' म्हणजे गल्लीतले किराणा दुकान. तेथे डॉलरपेक्षा पेसोत व्यवहार केलेला परवडतो. याउलट रिसॉर्टमधील कर्मचाऱ्यांसाठी एक-एक डॉलरच्या नोटा सोबत न्याव्यात आणि खोली आवरणाऱ्या बाईंना रोजच्या रोज द्याव्यात, कारण शेवटच्या दिवशी पाळी दुसऱ्याच कोणाची असू शकते.

एक दिवस सांतो दोमिंगो या राजधानीसाठी काढता आला तर अवश्य काढावा. तेथील जुने शहर १९९० पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि अमेरिका खंडांतील पहिले कॅथेड्रल तेथेच उभे आहे. रस्ते सपाट आहेत, पण दगडी फरसबंदीवर सासूबाईंचा हात धरावा लागेल. सकाळी लवकर निघून ऊन चढण्यापूर्वी हिंडणे संपवावे.

सावोना बेटाच्या बोटी बायाहिबेहूनच सुटतात. बहुतेक सहलींत एका बाजूने संथ कॅटामरान, म्हणजे दोन जोडसांगाड्यांची बोट, आणि दुसऱ्या बाजूने वेगवान मोटरबोट असते. मोटरबोट लाटांवर इतकी आपटते, की दुखऱ्या गुडघ्यांना आणि पाठीला ते सोसत नाही. दोन्ही बाजूंनी कॅटामरान देणारी सहल मागून घ्यावी. वाटेत कमरेएवढ्या उथळ पाण्यात बोट थांबते आणि तळाशी मोठाले तारामासे दिसतात. छायाचित्रासाठी ते पाण्याबाहेर काढून हातात देणारे नावाडी अजूनही भेटतात आणि बाहेर काढल्याने तारामासा मरू शकतो. आपल्या मुलाला पोहण्याचा चष्मा आधीच घेऊन द्या. डोके पाण्यात घालून पाहिले, की तारामासा वाळूवरून अगदी सावकाश सरकताना दिसतो.