माळव्याच्या काळ्या मातीत एमटीबी : आधी कोणता भाग बदलावा?

सुदामानगरकर

नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरात राहतो. दोन वर्षांपूर्वी मी साडेसत्तावीस इंची चाकांची, पुढे तीन आणि मागे सात अशा २१ गिअरची माउंटन बाइक (एमटीबी) घेतली. तिला पुढे १०० मिलिमीटर दबणारा स्प्रिंगचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, आहे आणि दोन्ही चाकांना तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आहेत. आठवडाभर ती कामावर जाण्यायेण्यापुरतीच चालते. रविवारी मात्र आम्ही तिघे-चौघे उजाडण्यापूर्वी निघून महूमार्गे पातालपाणीला, कधी जानापावच्या पायथ्यापर्यंत जातो आणि परतीच्या वाटेवर पोहे खाऊन दहाच्या आत घरी येतो.

उन्हाळ्यात कसलीच तक्रार नसते. गेल्या आषाढात मात्र पातालपाणीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून एका गाडवाटेने जेमतेम दोनशे पावले गेलो असेन, तोच मागचे चाक फिरेनासे झाले. मडगार्ड आणि टायर यांच्या मधली सगळी जागा काळ्या मातीने ठासून भरली होती, आणि सायकल अक्षरशः खांद्यावर टाकून मला डांबरापर्यंत परत यावे लागले. त्याच महिन्यात बाभळीच्या काट्यांनी चार वेळा पंक्चर झाले, त्यांतले दोन एकाच सकाळी.

सुटे भाग बदलण्यासाठी मी १५,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. एका दुकानदाराचे म्हणणे असे की आधी स्प्रिंगऐवजी हवेवर दबणारा फोर्क घ्यावा. मित्राच्या मते पुढची तीन चक्रे काढून एकच ठेवावे आणि मागे बारा गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरचा चक्रांचा गठ्ठा) बसवावी. माझा स्वतःचा कल ब्रेककडे आहे, कारण या हिवाळ्यात जाम दरवाजाच्या घाटाने मंडलेश्वरपर्यंत उतरण्याचा आमचा बेत आहे. अनुभवी मंडळींनी आधी काय बदलावे आणि काय बदलू नये, हे कृपया सांगावे.

जुना पाना

दुकानदार आणि मित्र या दोघांचेही सल्ले चुकीचे नाहीत. ते तुमच्या सायकलीसाठी नाहीत, इतकेच.

आधी फोर्कचे पाहू. हवेचा फोर्क घेण्यापूर्वी तुमच्या फ्रेमच्या डोक्याची, म्हणजे हँडलखालची, नळी वरपासून खालपर्यंत सारख्या मापाची आहे की खाली रुंद होत जाते, हे तपासा. या किमतीच्या सायकलींना बहुधा सरळ नळी असते आणि तिच्यात फोर्कचा २८.६ मिलिमीटरचा सरळ दांडा जातो. आजचे चांगले फोर्क मात्र मुख्यतः खाली रुंद होणाऱ्या दांड्याचे येतात. दुसरी अडचण पुढच्या चाकाच्या धुरेची. तुमची धुरा ९ मिलिमीटरची, चटकन सुटणारी असणार, आणि नव्या फोर्कला १५ मिलिमीटरची लागली, तर फोर्कबरोबर हबही (चाकाचा मधला तुंबा) आणावा लागेल. शिवाय हवेचा फोर्क स्वाराच्या वजनाप्रमाणे भरावा लागतो. तुम्ही बसल्यावर १०० मिलिमीटरपैकी सुमारे २० ते २५ मिलिमीटर दबेल इतकी हवा त्यात हवी, आणि त्यासाठी लागणारा बारीक मापाचा पंप वेगळा घ्यावा लागतो. एवढे सगळे करून चिखलात अडकलेले चाक काही फिरणार नाही.

बारा गिअरचे गणित याहून बिकट आहे. सात गिअरच्या सायकलीला मागे बहुतेक वेळा फ्रीव्हील असते, म्हणजे गिअरचा सगळा गठ्ठा हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. त्या हबवर कॅसेट चढतच नाही. त्यामुळे नवा हब, नवे आरे ओढून बांधलेले चाक, कॅसेट, चेन, मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ) आणि पुढचे चक्र असा संपूर्ण संसार नव्याने मांडावा लागतो. चढावर दम लागत असेल, तर त्यावर स्वस्त उपाय आहे. मागे १४ ते २८ दात्यांचे फ्रीव्हील असेल, तर १४ ते ३४ दात्यांचे मिळते. पुढे २४ दाते असताना २८च्या चक्रावर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.८५ मीटर पुढे जाते. ३४च्या चक्रावर ती दीड मीटरच जाते, आणि जानापावच्या शेवटच्या वळणांवर हा एका फुटाचा फरक गुडघ्यांना चांगला समजतो. मात्र तुमचा डिरेलर ३४ दाते पेलतो की नाही, याची खात्री आधी करून घ्या, कारण काही जुने डिरेलर २८पर्यंतच जातात.

आता चिखल. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते; तिच्यात एक चिखलाचा थर टायरला धरतो, त्यावर दुसरा बसतो, त्यात गवत आणि खडे मिसळतात आणि अंगणात सारवावे तसे मडगार्डच्या आतून लिंपण होते. म्हणून पाऊस संपेपर्यंत ते लांबलचक, टायरला चिकटून असलेले मडगार्ड काढूनच ठेवा. मागे सीटच्या दांड्याला बांधायचे आखूड मडगार्ड आणि पुढे फोर्कच्या पुलाखाली टायरपासून चांगले तीन बोटे अंतर राखणारी प्लॅस्टिकची पट्टी, एवढे पुरे. टायर घेताना २.४ इंची रुंदीच्या मोहात पडू नका. फ्रेम आणि टायर यांच्यात जितकी मोकळी जागा, तितकी माती गळून पडायला वाट मिळते, त्यामुळे २.० ते २.१ इंची आणि ज्याच्या गाठी एकमेकींपासून दूर आहेत असा टायर पुढे लावावा. मागे मधोमध सलग उंचवटा असलेला लावला तरी चालेल, कारण तुमचे सहा दिवस डांबरावरच जातात. असे असले तरी पुरती भिजलेली काळी माती मानवेल असा टायर माझ्या पाहण्यात नाही. मुरमाची वाट असेल तर जावे, काळे शेत दिसले तर मागे फिरावे.

निमाड उतार

ट्यूबलेस करून टाका. बाभळीच्या काट्याचा प्रश्न तिथेच मिटतो. माझ्या टायरांत या घडीला सहा-सात काटे असतील आणि आत फिरणारा चीक (सीलंट) ती भोके आपोआप बुजवतो. हवाही कमी ठेवता येते, २५ पीएसआयच्या आसपास, त्यामुळे दगडांवर टायर उड्या मारत नाही. तीन वर्षे झाली, रस्त्याच्या कडेला बसून मी पंक्चर काढलेले नाही.

जुना पाना

निमाड उतार यांचा अनुभव खरा आहे, पण ते रोज सायकल चालवतात आणि त्यांची रिम त्यासाठीच बनलेली आहे. साध्या रिमवर फीत चिकटवून ट्यूबलेस केले, तर टायरची कड धरून ठेवणारी घडी रिममध्ये नसते, आणि वळणावर कमी हवेत टायर सुटला तर थेट दातांवर बेतते. शिवाय तो चीक वाळतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत त्याची साय होऊन टायरच्या आत लोंबते. ज्यांची सायकल आठवड्यातून एकदाच लांब जाते, त्यांनी ट्यूबच ठेवावी, टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये काटारोधक पट्टी घालावी आणि हवा ३५ पीएसआयच्या खाली जाऊ देऊ नये.

एकाच सकाळी दोन पंक्चर का झाले, याचा माझा अंदाज सांगतो. पहिले काढताना नवी ट्यूब घातली, पण काट्याचे टोक टायरच्या जाडीत तसेच राहिले असणार. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो आणि आत तांदळाच्या कणीएवढे टोक राहते, जे डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाने चाचपले तर बोटच फुटते. कापसाचा एक बोळा घेऊन टायरच्या आतून सावकाश फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकून राहील, तिथे टोक आहे. ते चिमट्याने ओढून काढा.

ट्यूब विकत घेताना व्हॉल्व्हही पाहून घ्या. रिमचे भोक ८ मिलिमीटरचे, म्हणजे मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हसाठी असेल, तर ६ मिलिमीटरचा बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह त्यात हलतो आणि मुळाशी कापला जातो.

घाटपांडे नव्हे, घाटवाला

जाम दरवाजाच्या बेताबद्दल दोन शब्द. अहिल्याबाईंच्या काळातल्या त्या दरवाजापाशी उभे राहून खालचे निमाड पाहताना मन प्रसन्न होते, पण तिथून पुढचा उतार ब्रेकची परीक्षा घेतो. माउंटन बायकिंगच्या इतिहासातही हेच झाले. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मरिन भागात जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडण्याची जी शर्यत सुरू झाली, तिचे नाव ‘रीपॅक’ पडले, कारण एका उतारातच मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि हब उघडून ते पुन्हा भरावे लागे.

तुमच्या तारेच्या ब्रेकला लगेच निवृत्त करू नका. या ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलते आणि दुसरे जागच्या जागी असते. पॅड झिजत गेले की मंडळी फक्त तार ताणत राहतात, आणि मग हलणारे पॅड चाकाच्या चकतीला वाकवून पलीकडच्या पॅडवर टेकवते. आतल्या बाजूचे, न हलणारे पॅड अ‍ॅलन चावीने चकतीच्या अगदी जवळ, घासणार नाही इतपत आणा, तारा आणि त्यांची आवरणे नवी घाला, आणि मग ब्रेक दाबून पाहा. बहुतेकांचे हायड्रॉलिकचे, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे, वेड इथेच उतरते.

तरीही हायड्रॉलिक घ्यायचे ठरले, तर तुमच्याकडे ब्रेकची मूठ आणि गिअरचा शिफ्टर एकाच साच्यात आहेत का, हे आधी पाहा. तसे असतील तर ब्रेकबरोबर शिफ्टरही वेगळे घ्यावे लागतात, आणि दुकानात हा खर्च शेवटी कळतो. तेलाची गल्लतही करू नका. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असते. त्यात मोटारीचे डॉट तेल घातले, तर आतली रबरी सीले फुगून ब्रेक कायमचा जातो.

मी स्वतः केलेली चूकही सांगून टाकतो. एकदा घाटाच्या आदल्या संध्याकाळी चकती कुरकुरत होती, म्हणून एका मेकॅनिकने तिच्यावर सढळ हाताने तेल मारले आणि मी शेजारी उभा राहून ते पाहिले. आवाज थांबला, ब्रेकही थांबला. पॅड फेकून द्यावे लागले आणि चकती स्पिरिटने पुसून वाचवली.

महू नाका

सगळे मोठ्या भागांवर बोलत आहेत, म्हणून चेनविषयी लिहितो. फूटपट्टीने एका पिनेच्या मध्यापासून मोजायला लागा. चेन नवी असताना १२ इंचांवर बरोबर पिनेचा मध्य येतो. तो इंचाचा सोळावा भाग पुढे सरकला असेल, तर नवी चेन आणा. आठवा भाग सरकला असेल, तर फ्रीव्हीलही सोबत आणावे लागेल, कारण ताणलेल्या चेनने त्याचे दाते आपल्या मापाने कोरून घेतलेले असतात. पाऊसभर चिखलात चाललेल्या चेनवर तेल ओतणे म्हणजे सहाणेवर पाणी घालणे आहे. आधी माती वाळू द्यावी, ब्रशाने झाडावी, मग चिंधीने पुसून प्रत्येक कडीत एक थेंब सोडावा आणि वरचे तेल पुन्हा पुसून काढावे. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली मात्र सायकल धरू नका. पाणी हबच्या आणि मधल्या बेअरिंगमध्ये घुसते आणि दिवाळीपर्यंत गंज चढतो.

सुदामानगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मडगार्ड काढले, पुढे गाठींचा २.१ इंची टायर चढवला आणि दोन्ही टायरांतून कापूस फिरवला. मागच्या टायरात तीन टोके निघाली, त्यांतले एक बहुधा गेल्या आषाढापासूनचे असावे, कारण त्याच्याभोवती रबर काळे पडले होते. ब्रेकची आतली पॅडे जवळ आणल्यावर मूठ अर्ध्यातच घट्ट होऊ लागली आहे, त्यामुळे हायड्रॉलिकचा विचार घाट उतरून आल्यावर करीन. फ्रीव्हीलची चौकशी चालू आहे.

एक अडचण उरली आहे. प्लॅस्टिकची पायडले पावसात बूट घसरवतात, म्हणून धातूच्या खिळ्यांची पायडले आणली. उजवे सहज सुटले, पण डावे दोघांनी मिळून पान्याला पाइप लावून ओढले तरी हलत नाही.

जुना पाना

ओढणे ताबडतोब थांबवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात; तुम्ही ते आणखी घट्ट करत आहात. मुळाशी थोडे पातळ तेल सोडून रात्रभर तसेच राहू द्या आणि सकाळी पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. नवे बसवताना आट्यांना बोटभर ग्रीस लावा आणि पायडलवर ‘एल’ हे अक्षर कोरलेले आहे ना, ते पाहूनच डाव्या बाजूला बसवा.